प्रवाळांची टाकी

टाकी अर्धी भरली आणि वरच्या मजल्याची जुनी लाकडी जमीन करकरली. नळावरचा माझा हात थिजला. बायकोने आयुष्यभर समुद्रात बुड्या मारून प्रवाळांचा अभ्यास केलेला. आता ती अंथरुणाला खिळली होती. म्हणून तिच्या पलंगासमोरची भिंत फोडून मी ही प्रवाळांची भलीमोठी टाकी बसवली होती. "खाली लोखंडी टेकू दिलेत, बिनधास्त भरा," गवंडी म्हणाला. पण तो स्वतः दाराकडे सरकला होता. पुन्हा करकर झाली. थांबावं तर तिचा हिरमोड, भरावं तर तिच्याच जिवाशी खेळ. "बंद कर तो नळ," तीच म्हणाली. "अगं, पण तुझा समुद्र..." "वेडा आहेस. प्रवाळांना ऊन हवं असतं, उथळ पाणीच मानवतं." मी नळ बंद केला. आता आमच्या घरात गुडघाभर समुद्र आहे. पलंगावर पडून ती दिवसभर त्यातच असते.