एक संत्रा

खाली पडलेला एक संत्रा उचलला म्हणून शेंदूरजनाघाटच्या किसनराव बागमालकानं सगळ्या मजुरांसमोर माझ्या मायच्या थोबाडीत मारली. मी तेव्हा अमरावतीला नर्सचं शिकत होते. लेकराला सुई कशी द्यायची, ते आमच्याकडून आधी संत्र्यावर गिरवून घेत.

बासष्ट साली मी गावच्याच दवाखान्यात लागले. एक दिवस डॉक्टर दौऱ्यावर असताना किसनराव नातवाला उचलून धावत आले. पोराला झटके येत होते. मी पहिल्याच खेपेला नीट सुई दिली. थोड्या वेळानं पोर शांत झालं.

"साजरा हात हाय वं तुहा, पोरी! कुठी शिकली?"

 

"तुमच्याच संत्र्यायवर, मालक. त्या थापडीनंतर मायनं थैल्या भरभरून चोरले, अन् मी एकेकात तुमचं नाव घेऊन सुई खुपसली."