सैल हात

"पाचशे रुपये? एका चढाईवाल्याला?" कानिफनाथच्या हातातली कळशी कलंडता कलंडता राहिली. उद्या नेवाशाच्या जत्रेत कबड्डीची फायनल, म्हणून तो सकाळपासून मैदानाच्या मातीवर पाणी मारत होता, आणि इकडे गहिनीनाथ आप्पा आपल्या फटफटीवर खेळाडूच विकत घेऊन आले होते.

"मग फुकट येतोय व्हय? खर्ड्याचा सूर्यभान हाय त्यो!" आप्पा गरजले. "आपला बन्सी चढाईला जातो आन् हात हलवत माघारी येतो. तिकडं क्रिकेटात आपली पोरं वेस्ट इंडीजला पानी पाजून आली, आन् आपन दरसाली कारखान्याच्या संघाचा मार खायचा? माझं पैसं, माझी हौस. तुमच्या पोटात का दुखतंय?"

बन्सी बिचारा मान खाली घालून उभा होता, कारण आप्पा बोलत होते ते खरंच होतं. सूर्यभान मात्र फटफटीला टेकून निवांत शेंगा खात होता. उंच, पाठीला सरळ, मांड्या अशा की बघत राहावं. कानिफनाथलाही तो आवडला. गडी कामाचा होता, नाही कोण म्हणतंय?

"येऊ द्या की मग. पन बसनार कोन?" त्यानं विचारलं. "खेळायला सातच लागत्यात."

"रज्जाक." आप्पांनी बेधडक सांगून टाकलं. "त्याचा हात सैल हाय. साखळी धरलीय का पाव्हन्याला निरोप देतोय, काय कळत न्हाई. लई दिवस बघतोय मी."

फायनलसाठी रज्जाकच्या बायकोनं, जहिरानं, नवी निळी चड्डी शिवली होती. ती घालूनच तो सरावाला आला होता. आता तो त्या चड्डीच्या नाडीशी उगाच चाळा करत राहिला. ते बघून कानिफनाथचं डोकं सणकलं. डाव्या कोपऱ्यात हे दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून हाताला हात धरून उभे राहिले होते, आणि आज त्याचा हात सैल!

"आप्पा, ऐका," तो म्हणाला. "पाव्हन्यानं एक चढाई करावी. आमच्या साखळीतनं सुटून रेघेपार गेला, तर रज्जाकसंगं मीबी बाहेर. तुमी खुशाल आनखी एक इकत आना. पन धरला, तर उद्या रज्जाक खेळनार. बोला!"

"अरं, तुझं डोकं फिरलंय का?" रज्जाक कुजबुजला.

"गप. तू तुझा हात धर."

आप्पा मनापासून हसले. सूर्यभाननंही हातातली टरफलं झटकली, शर्ट काढून फटफटीवर टाकला आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. माणूस रीतभात जाणणारा होता.

सात जणांची साखळी उभी राहिली. सगळ्यांनी एकमेकांची मनगटं गच्च धरली होती. डाव्या कोपऱ्यात तेवढी रज्जाकनं आपली करंगळी कानिफनाथच्या करंगळीत अडकवली. बस्स, एवढंच.

"बघा! बघा त्यो हात!" आप्पा बाहेरून ओरडले.

सूर्यभाननंही तो पाहिला होता. "कबड्डी कबड्डी" करत तो आधी उजवीकडं झेपावला, बन्सीला हूल दिली, सगळी साखळी तिकडं ओढली आणि पापणी लवायच्या आत डावीकडं वळला. काय सुरेख वळला! रज्जाकची करंगळी सुटली, साखळी उघडली, आणि सूर्यभान त्या फटीत शिरून कानिफनाथच्या गुडघ्याला पाय लावून मोकळा झाला.

मोकळा कसला! माघारी फिरला तर वाट बंद. रज्जाकच्या पंज्यानं त्याच्या कमरेमागून कानिफनाथचं मनगट पकडलं होतं. दोघांनी आवळलं तसा सूर्यभान अडला, पण गडी ऐकतोय थोडाच! दोघांना घेऊन तो रेघेकडं निघाला. मग बन्सी पायात पडला आणि मागून बाकीचे पडले. त्या ढिगाऱ्याखालून थोडा वेळ "कबड्डी कबड्डी" येत राहिलं. सूर्यभानची बोटं रेघेपासून वीतभर अंतरावर माती उकरत होती. शेवटी त्याचा दम तुटला.

"धरला रे!" कानिफनाथ असा बोंबलला की वडावरचे कावळे उडाले. त्यानं रज्जाकला उचलूनच घेतलं.

"माती ओली हाय," आप्पा घाईनं म्हणाले. "पाय घसरला आसंल त्याचा."

"पाय न्हाई घसरला, आप्पा." सूर्यभान उठून बसला, तोंडातली माती थुंकला. "दार उघडं दिसलं, म्हनून शिरलो. भल्याभल्यांच्या साखळीतनं गेलोय मी, पन आत घेऊन मिटनारं आसं दार बघितलं न्हवतं." त्यानं रज्जाककडं नीट पाहिलं. "मला पाचशे देताय. ह्यांना काय देता?"

आप्पा फटफटीच्या हँडलवरची धूळ पुसायला लागले.

"जिंकल्यावर भजी देत्यात की!" रज्जाक म्हणाला, आणि बन्सीसकट सगळे खो खो हसत सुटले.

सूर्यभानही हसला. मग उठून कानिफनाथला त्यानं हळूच बाजूला सारलं आणि त्याच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, जाऊन उभा राहिला.

"शिकव मला," त्यानं रज्जाकपुढं हात केला. "कसं धरायचं ते."

रज्जाकनं नव्या चड्डीला तळवा पुसला आणि नुसती करंगळी पुढं केली.