गुलाबी डिस्टेंपर

"बापू, माझं लग्न ठरवलंय का?"

हिंमत असंल तर विचारून दाखव, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. दहावीतल्या सुमंगलानं विचारून टाकलं. पेडगावात घराला रंग लागतो तो लग्नालाच, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि आता बापूंनी घर रंगवायला काढलं होतं. या घरात लग्नाचं दुसरं होतंच कोण?

बापूंनी रंगांचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. "तुजं गणित चांगलं हाय. भिंती मोज, रंग किती लागंल सांग. आन् गावात कुटं बोलू नको."

बोलू नको? म्हणजे चोरून लग्न!

टेपचं दुसरं टोक विमलाआत्यानं धरलं. नवरा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ती सोनपेठहून कायमची माहेरी आली होती.

"आत्या, रंग कोणता घेऊ?"

"गुलाबी बरा दिसंल," आत्या खाली बघत म्हणाली.

सगळेच सामील होते तर!

चार खोल्या, रंगाचे दोन हात, दारं-खिडक्या वजा. वीस किलो डिस्टेंपर. तिनं दोनदा ताळा केला. मग बापूंना छातीठोक सांगितलं, "धा किलो बास."

घर अर्धवट राहिलं की लग्न पुढं जाईल. निदान परीक्षेपर्यंत तरी.

गुरुवारी बन्सीधर पेंटरनं ओसरी संपवली, माजघर संपवलं आणि डबा उलटा धरला. "रंग सरला, बापू. ह्यो अंदाज काढला कुण्या शहाण्यानं?"

"आरं, उद्या सकाळी पाव्हणे यायलेत!" बापू मटकन बसले.

"बरं, दारावर नवरीचं नाव काय लिहू?"

"नाव नको. काईच लिहू नको."

बिननावाचं लग्न! "मी न्हाई लग्न करणार!" सुमंगला किंचाळली. "मला शिकायचंय!"

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला आतल्या खोलीत ओढत नेलं. "हळू बोल बाई. लोकायला कळलं तर लगीन मोडतील."

खोलीत कासारीण बसली होती. तिच्यासमोर विमलाआत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले. भेदरल्या डोळ्यांनी ती सुमंगलाकडं बघत होती.

सुमंगला बाहेर आली. मागोमाग आई.

"बापू, अंदाज मी मुद्दाम खोटा सांगितला. आताच्या एसटीनं परभणीला जाते, धा किलो आणते," ती दोघांनाही म्हणाली. "आन् दारावर आत्याचं नाव मी लिहिणार."