जिन्यातली काच

काच पुन्हा तडकली होती. सकाळी दूध घेऊन जिना चढताना मिस्त्रीला ती दिसली आणि तो मधल्या पायरीवर थांबला. दोन बोटं रुंद, वीतभर लांब काच. भेगेवर आडवी, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये बसवलेली. बरोबर मधोमध चीर.

ही तिसरी खेप.

काचा बसवल्या होत्या नगरपालिकेच्या इंजिनियरनं. त्या जुन्या गल्लीतली सगळी घरं दीड-दोनशे वर्षांची, सरकारी यादीत गेलेली. यादीतलं घर पाडता येत नाही. पण धोक्याचं ठरलं तर आधी माणसं बाहेर काढतात, मग पुढचं पुढे. या घराची एक भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती. इंजिनियरनं बाहेरून लाकडी टेकू लावले आणि भेगेवर दोन काचा चिकटवल्या. एक जिन्यात, दुसरी तळमजल्यावर, मालकाच्या सामानाच्या खोलीत. काचेवर काळ्या रंगानं तारीख लिहिली. तीन महिने काच शाबूत राहिली तर भिंत जागेवर आहे, टेकू काढायचे. तडकली तर भिंत सरकतेय, आठ दिवसांत घर रिकामं करायचं.

मिस्त्रीचा जन्म गवंडीकामात गेलेला. याच भिंतीचा पाया वीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतः उकरून, दगड घालून बळकट केला होता. आपल्या हातचं काम हलेल हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. मग काच तडकते कशी? कोणीतरी तडकवतं. आणि घर रिकामं झालं तर कुणाचं फावतं, हे सांगायला ज्योतिषी नको. मिस्त्री वरच्या मजल्यावर भाड्यानं. मालक तळमजल्यावर एकटा राहायचा, बोलायला लोण्याहून मऊ. पण गेल्या वर्षी दोन बिल्डर त्याच्या दारात आलेले सगळ्या गल्लीनं पाहिले होते.

मिस्त्रीला स्वतःचं काही नव्हतं. तो कुठंही पाठ टेकली असती तरी झोपला असता. प्रश्न बायकोचा होता. तिचे डोळे जाऊन आठ वर्षं झाली होती, पण या घरात ती डोळसासारखी वावरायची. जिन्याच्या सतरा पायऱ्या, स्वयंपाकघराचा उंच उंबरा, गच्चीचं मोडकं दार, सगळं तिच्या पायांना पाठ. एकदा मुलीकडे गेली तर चार दिवस खाटेवरून हलली नाही, पाणीसुद्धा मागून प्यायली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "दुसऱ्या घरात मी आंधळी होते."

म्हणून मिस्त्रीनं फुटकी काच छिन्नीनं काढली, नवी बसवली, इंजिनियरच्या वळणात तीच तारीख काढली आणि ताजं सिमेंट चहाच्या पाण्यानं जुनाट केलं. आधीच्या दोन काचा फोटोंच्या चौकटीतून निघाल्या होत्या. आता भिंतीवर लग्नाचा फोटो तेवढा उरला होता.

दुपारी तो फोटो पुसताना बायकोची बोटं थांबली.

"अहो, आज आपण गार का लागत नाही?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मालकाच्या बापजाद्यांचाही उद्धार केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चाळीस वर्षं काचेआड होतो, लागू दे जरा वारा. फक्त त्या माणसाला एकदा रंगेहाथ धरा.

त्यानंतर मिस्त्री दिवसचे दिवस जिन्यात स्टूल टाकून बसायला लागला. मालक जाता-येता विचारायचा, हवा खाताय का? मिस्त्री म्हणायचा, एक उंदीर झालाय, त्याची वाट बघतोय. मालक हसून पुढं जायचा. कसलेला दिसतो, मिस्त्री मनात म्हणायचा. काच मात्र पुन्हा तडकली नाही. उंदीर घाबरला, हे उघड होतं.

तीन महिने भरले. इंजिनियर आला, दोन्ही काचा भिंगातून पाहिल्या, कागदावर सही केली आणि मजुरांना टेकू काढायला सांगून पुढच्या घराकडे गेला. मिस्त्री ताठ मानेनं खाली उतरला. आज मालकाचं तोंड बघायचंच होतं.

"काय मालक, उंदराचं काही चाललं नाही."

मालकाला ते ऐकूच गेलं नसावं. त्यानं मिस्त्रीचा हात धरून आत घेतलं. डोळे भरून आले होते. सांगत होता की त्या बिल्डरांना त्यानं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. याच घरात जन्मलो, याच घरात मरायचंय. मग त्यानं दार लोटलं. बाहेर पहिला टेकू धप्पकन खाली आला. वर बायको जिन्याकडे निघाल्याची पावलं वाजत होती.

"सही झालीय म्हणून आता विचारतो, मिस्त्री. तुम्ही जाणकार," मालक हळूच म्हणाला. "अशी काच आपोआप तडकते का हो? सामानाच्या खोलीची किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. आत चिटपाखरू जात नाही. तरी मला पाच वेळा बदलावी लागली."