फक्त पेंटियम

सुहासनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि शर्टाचा खिसा चाचपला. आतली पेंटियमची चिप जागेवर होती.

“कशाला त्रास घेतलास रे?” नृसिंह सर म्हणाले. “चांगला चालतोय कॉम्प्युटर.”

“प्रवासाला निघालाय ना, सर. आतली धूळ काढून देतो.”

सरांची नात मनवा इंजिनिअरिंगला लागली होती. उद्या ती कॉम्प्युटर घेऊन श्रीरामपूरहून पुण्याच्या हॉस्टेलवर जाणार होती. तिथली पोरं पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटरचा डबा उघडून बघणार आणि सुहासचं पितळ उघडं पडणार, हे ठरलेलं.

गोष्ट गेल्या दसऱ्याची, सत्त्याण्णवची. सरांना मुहूर्तावरच कॉम्प्युटर हवा होता आणि पुण्याहून पेंटियम आले नव्हते. सुहासच्या दुकानासमोर महेंद्रचं दुकान होतं, तिथं दुसऱ्या कंपनीची चिप मिळायची, के-सिक्स, पेंटियमपेक्षा स्वस्त. पण सुहासच्या दुकानावर पाटीच होती, ‘फक्त पेंटियम’. महेंद्रच्या मालाला नावं ठेवल्याशिवाय त्याचं एक गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडत नसे. शेवटी त्यानं नगरहून गुपचूप एक के-सिक्स आणला, सरांच्या डब्यात बसवला आणि वर पेंटियमचं स्टिकर चिकटवलं. चार दिवसांत बदलून टाकू, असं मनाशी म्हणाला. ते चार दिवस काही उगवले नाहीत.

के-सिक्स बिचारा झकास चालला. खोटं होतं ते स्टिकर. कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर क्षणभर चिपचं खरं नाव झळकायचं, पण नेमके तेव्हाच सर डोळे मिटून हात जोडायचे. आजोबांचं बघून मनवाही जोडायची.

दहावीला ज्यांनी घरी बसवून गणित शिकवलं, त्यांनाच आपण फसवलं. सुहासला स्वतःची लाज वाटायची. सरांच्या गल्लीनं जाणं त्यानं सोडलं होतं. त्यात दिवाळीपासून महेंद्र रस्त्यात दिसला की हसून मान हलवायचा. सुहासला वाटायचं, खिजवतोय लेकाचा.

“सर, जरा पाणी मिळेल?”

सर आत गेले. सुहासनं भराभर स्क्रू काढले. डब्यात एक सीडी ड्राइव्ह दिसला. तो काही त्यानं बसवलेला नव्हता. म्हणजे डबा कुणीतरी उघडला होता! पण चिप असते पंख्याखाली, आणि ड्राइव्ह बसवायला पंख्याला हात लावावा लागत नाही. त्यानं जीव भांड्यात पाडून घेतला आणि पंखा उचलला.

तोच के-सिक्स. कडेला मार्करनं लिहिलेलं त्याचंच बारीक ‘सु’. गॅरंटीत कुणी भलतीच चिप आणून देऊ नये, म्हणून विकलेल्या प्रत्येक चिपवर तो ही खूण करायचा. त्यानं चिप उपसून तळहातावर घेतली. दोन्ही कंपन्यांच्या चिपा एकाच खाचेत बसायच्या. मिनिटभराचं काम होतं.

“पाहिलंस ना शेवटी?”

सर पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. सुहासचे कान तापले.

“सर, मी…”

“तू काही बोलू नकोस. मीच तुझ्यापासून तोंड लपवत होतो.” सर खुर्चीवर टेकले. त्याच्याकडे बघेनात. “दिवाळीत मनवाला सीडी ड्राइव्ह हवा होता. मी महेंद्रकडे गेलो. तो म्हणाला, तुमचा पेंटियम मला द्या, के-सिक्स बसवून देतो आणि वर ड्राइव्हही देतो. डबा त्याच्या दुकानात ठेवून आलो. संध्याकाळी त्यानं स्वतः आणून दिला. तुझा पेंटियम गेला रे. हातात आहे तो त्याचा.”

सुहासनं ‘सु’वर अंगठा दाबला. महेंद्रनं चिप बदललीच नव्हती.

“उघडून बघितल्यावर… महेंद्र काही म्हणाला?”

“म्हणाला ना,” सर म्हणाले. “म्हणाला, सुहासचा माल चोख असतो.”