डावीकडचा गठ्ठा

लेखकाने टेबलावर आपल्या कथांचे दोन गठ्ठे लावले होते. उजवीकडे दमदार कथा, त्या मोठ्या मासिकाला. डावीकडे लंगड्या, आणि त्यांचं काय करायचं हेच त्याचं ठरत नव्हतं. छोटं मासिक मानधन म्हणून चहापाण्यापुरते पैसे टेकवायचं, पण आलेलं काहीही छापायचं. पाठवाव्यात तर नाव खराब, ठेवाव्यात तर वाळवीच्या पोटात.

पाकिटांवर पत्ते घालायचं काम बायकोचं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. तिने डावीकडच्या गठ्ठ्यातली सगळ्यात वरची कथा उचलली आणि उभ्यानेच वाचून काढली.

"ही लंगडी?"

"अगं, पार फसलीय ती. पोरीला ताप आला म्हटल्यावर पहिल्याच पानावर कळतं, ती काही यातून उठत नाही. आणि आईला मात्र शेवटपर्यंत पत्ता नाही! असं कुठे असतं का? जाऊ दे, छोट्या मासिकालाच टाकू. टोपणनावाने."

बायकोने पाकीट पुढे ओढलं, पेन उघडलं आणि पत्ता न लिहिताच पुन्हा बंद केलं.

"पहिल्याच पानावर कळलं होतं, तर मला सांगायचंत हो," ती म्हणाली. "मी आपली तिच्या नव्या वह्यांना कव्हरं घालत बसले होते."