इंग्रजीतलं बोलणं

घरात पैशांची कुरकुर सुरू झाली की आम्ही नवरा-बायको इंग्रजीत शिरतो. सासूबाईंना कळू नये, उगीच जिवाला घोर नको, म्हणून. काल जेवताना त्यांच्या मोतीबिंदूचा विषय निघाला. नवरा म्हणाला, "वी कान्ट अफोर्ड इट धिस इयर." मी दमून नुसती मान हलवली आणि त्यांच्या ताटात वाढत राहिले.

आज सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "अगं, डोळ्यांचं राहू दे. आता कसं लख्ख दिसतंय मला. उगाच कशाला ती कापाकापी?"

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. तरी राहवेना, म्हणून चौथीतल्या लेकीला हळूच विचारलं, "आजीला खरंच नीट दिसतं का गं?"

"काय माहीत! पण मी तिची इंग्लिशची शिकवणी घेते ना रोज. तुम्ही दोघं बोलता ते शब्द ती लक्षात ठेवते आणि मला अर्थ विचारते. काल 'अफोर्ड' विचारला. मी सांगितलं, परवडणं."

"मग?"



"मग म्हणाली, पुरे झालं हं बाळा, मला पुढचं नाही शिकायचं."